फुलोऱ्यातलं गवत आणि दिवाळीतला विळा

अणदूरच्या माळावरचं गवत वर्षातून एकदाच खरं श्रीमंत असतं. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. मारवेलला तुरे आलेले असतात, पवन्याची पानं अजून हिरवी असतात आणि कुसळीचे भाले बाहेर पडायला थोडा अवकाश असतो. एकरी किती पोषण मिळतं हे पाहायचं, तर याच पंधरवड्याला तोड नाही. त्याआधी कापलं तर वजन भरत नाही. नंतर कापलं तर वजन भरतं, पण कस गेलेला असतो. प्रत्यक्षात विळा लागतो तो सोयाबीन घरात आल्यावर, दसरा उरकून दिवाळीच्या आसपास. तोवर माळ पिवळा पडतो, बी झडून जातं, आणि शेतकरी ज्याला ‘वाळलेलं गवत’ म्हणून गंजीत रचतो त्यातला चांगला भाग आधीच नाहीसा झालेला असतो.

तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गजवळचं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव बालाघाटच्या पठारी पट्ट्यात येतं. सखल भागात काळी जमीन, चढावर मुरमाड माळ. काळ्या जमिनीत पिकं घ्यायची आणि माळावर गुरं सोडायची, ही इथली जुनी वाटणी. पाऊस बेताचा आणि लहरी. जून-जुलैत तो अनेकदा दडी मारतो आणि सप्टेंबरात जोर धरतो. गवताची सगळी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. कापणीचा उत्तम मुहूर्त आणि वर्षातला सर्वांत मोठा पाऊस एकाच महिन्यात येतात.

आधी कस जातो म्हणजे काय होतं ते पाहू. कोवळ्या गवतात पानांचं प्रमाण जास्त असतं, आणि प्रथिनं मुख्यतः पानांत असतात, कारण प्रकाशसंश्लेषणाची सारी यंत्रणा प्रथिनांची बनलेली असते. तुरा बाहेर पडला की गवताचं लक्ष पानावरून दाण्याकडे वळतं. पानांतलं नत्र मोडून बियांत जातं. उरलेलं बुडख्याकडे आणि मुळांकडे परत जातं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यातल्या फुटव्यांची तरतूद होते. त्याच वेळी खोड ताठ राहावं म्हणून पेशींच्या भिंतींत लिग्निन साचत जातं. सेल्युलोज ही सळई धरली तर लिग्निन म्हणजे तिच्याभोवतीचं काँक्रीट. गायीच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव सळई पचवू शकतात, काँक्रीट फोडणं त्यांना जमत नाही.

दख्खनच्या माळरानावरच्या गवतात फुलोऱ्यात साधारण सहा-सात टक्के प्रथिनं असतात. बी झडून पिवळं पडलेल्या गवतात ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. हा फरक कागदावर लहान वाटतो, गव्हाणीत तो मोठा होतो. आहारातली प्रथिनं सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार सुरू होते. त्यांची संख्या घटते, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरलेलं राहतं आणि जनावर कमी खातं. भरल्या पोटाने गाय खंगते ती अशी.

हिशेब सोपा आहे. एका गायीला रोज सहा किलो वाळलेलं गवत घातलं आणि ते सात टक्के प्रथिनांचं असलं, तर तिला ४२० ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेच गवत तीन टक्क्यांचं असेल तर १८०. मधली २४० ग्रॅमची तूट भरून काढायला साधारण किलोभर सरकी पेंड लागते. म्हणजे विळा महिनाभर उशिरा चालला, त्याची भरपाई शेतकरी पुढे रोज पेंडीच्या पोत्यातून करत राहतो. मात्र बाजारात गवत पेंढीवर विकलं जातं, प्रथिनांवर नाही. उशिरा कापलेली पेंढी जाडजूड दिसते, म्हणून उशीर कोणाला सलत नाही.

मग सप्टेंबरातच का कापू नये? कारण कापलेलं गवत वाळायला हवं. उभ्या हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असतं. गंजीत टिकायचं तर ते १५ टक्क्यांच्या आसपास आलं पाहिजे. कापल्यावर गवत लगेच मरत नाही. पाणी ४० टक्क्यांपर्यंत उतरेतो त्याच्या पेशी श्वसन करत राहतात आणि स्वतःमधली साखर जाळतात. वाळवण जितकं रेंगाळेल तितकी साखर हवेत जाते. वर पावसाची सर आली की विरघळणारे घटक धुऊन जातात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. उलट कडक उन्हात चार दिवस पसरून ठेवलं तर हिरवा रंग उडतो आणि त्याच्याबरोबर कॅरोटीनही जातं. त्यापासूनच गुरांच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होतं. चांगल्या वाळलेल्या गवताची पहिली खूण म्हणूनच रंग. ते फिकट पण हिरवं हवं, आणि हुंगलं तर चहाच्या पत्तीसारखा मंद वास यायला हवा, कुबट नव्हे.

जास्त ओलं गवत घाईने रचलं तर आणखी एक संकट असतं. वीस-पंचवीस टक्क्यांहून अधिक ओल असलेल्या गंजीत सूक्ष्मजीव कामाला लागतात, त्यांच्या श्वसनाने आतलं तापमान चढत जातं. सत्तरेक अंशांना बहुतेक जीव मरतात, पण तोवर रासायनिक विघटन सुरू झालेलं असतं आणि ते स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करतं. गंजीतून ही उष्णता बाहेर पडायला वाट नसते. थंड, दमट देशांत अशा गंज्या आपोआप पेटण्याच्या घटना जुन्या काळापासून नोंदलेल्या आहेत. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत गंजी पेटण्यापेक्षा आतून काळी पडणं जास्त घडतं. ते गवत गुरं हुंगून सोडून देतात. ओल तपासायला यंत्र नसलं तरी चालतं. कोरड्या काचेच्या बरणीत बारीक कापलेलं गवत आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर गवत रचायला हरकत नाही, गोळे झाले तर अजून ऊन द्यायला हवं.

सप्टेंबरच्या पावसालाही उघडीप असतेच. तीन-चार दिवसांची उघडीप हेरायची, सकाळचं दव उतरल्यावर कापायचं, पातळ पसरायचं, दुपारी एकदा उलटायचं आणि संध्याकाळी दवाआधी छोटे ढीग लावायचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मोडायचे. कृषिशास्त्राच्या पुस्तकांत तिवई पद्धतही सांगितलेली असते. तीन लाकडं वर बांधून त्यांवर गवत टांगलं की खालून वारा खेळतो, आणि एखादी सर आली तरी वरचाच थर भिजतो. पूर्वी उघडीप ओळखणं हा गावातल्या म्हाताऱ्यांचा प्रांत होता. आता हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज २०१९ पासून मेघदूत ॲपवर मिळतो. तो बहुतेक वेळा फवारणीसाठी पाहिला जातो, गवतासाठी पाहणारे थोडेच.

उशीर झाला की कुसळी आपला हिसका दाखवते. हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस हे तिचं शास्त्रीय नाव. कोवळेपणी गुरं ती आवडीने खातात. पण तिच्या प्रत्येक बीला टोकदार सुई आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी असते. हवेत ओल आली की शेपटीचा पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा वळतो. या वळण्या-उलगडण्याने बी जमिनीत स्वतःला गिरमिटासारखं रोवून घेतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या इंधनावर हे यंत्र चालतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने दुसऱ्या एका गवतावर याच युक्तीचा अभ्यास करून १८७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला होता. माळावर मात्र हे गिरमिट माती आणि मेंढी यांत भेद करत नाही. ते लोकरीत अडकतं, कातडीत शिरतं, गुरांच्या तोंडात आणि डोळ्यांत जखमा करतं. कुसळं पडण्याआधी कापलेली कुसळी चारा असते, नंतरची शिक्षा.

आता इथल्या शेतकऱ्याला विचारलं की ‘वाळली वैरण’ म्हणजे काय, तर तो गवताचं नाव घेणार नाही. तो कडबा म्हणेल. धाराशिव, सोलापूर, लातूर या पट्ट्यात रब्बी ज्वारीचा कडबा हीच जनावरांची वर्षाची पुंजी. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, शेकड्यावर ठरणारा भाव, शेताच्या कडेला रचलेली लांबलचक वळई आणि वेळा अमावस्येला उभ्या ज्वारीच्या रानात पेंढ्यांची केलेली कोप. इतकं भाषेत आणि सणात मुरलेलं दुसरं चाऱ्याचं पीक या भागात नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड होऊन आलेली मालदांडी ३५-१ आजही टिकून आहे, ती केवळ भाकरीच्या चवीवर नाही. तिचा कडबा उंच, पानदार आणि गुरांना गोड लागणारा असतो.

पीकशास्त्रज्ञांना ही गोष्ट उमजायला वेळ लागला. देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. दाणा भरघोस, ताट बुटकं. उत्पादन दाण्यात मोजणाऱ्यांना तो क्रांतिकारक वाटला. दावणीला चार जनावरं असलेल्याला मात्र त्यात अर्धंच पीक दिसलं. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत आणि आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मायकेल ब्लूमेल आणि पार्थसारथी राव यांनी हैदराबादच्या कडबा बाजाराचा अभ्यास केला. शहरातल्या गोठ्यांसाठी दूरदूरहून येणाऱ्या कडब्याचे नमुने त्यांनी प्रयोगशाळेत तपासले आणि भावाशी ताडून पाहिले. ज्या कडब्याची पचनीयता ४७ टक्के होती त्यापेक्षा ५२ टक्के पचनीयतेच्या कडब्याला सुमारे २५ टक्के जास्त भाव मिळत होता. पचनीयता हा शब्दही न ऐकलेले व्यापारी पानांची दाटी, ताटाची जाडी आणि गोडी पाहून जवळपास अचूक भाव लावत होते. अणदूरवरून जाणारा महामार्ग ज्या शहराकडे जातो, तिथलाच हा बाजार.

पण कडब्याची पुंजी आटते आहे. खरीप ज्वारी या भागातून जवळजवळ गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनच्या मळणीनंतर उरतं ते भुसकट. खरबरीत, लिग्निनने भरलेलं, पानं आधीच गळून गेलेली. दुधाच्या म्हशीला त्यावर कोणी ठेवत नाही. शिवाय सोयाबीनने चारा घेतला तसा वेळही घेतला. त्याची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात येते, म्हणजे गवताच्या मुहूर्ताला लागूनच. गावातली सगळी माणसं तेव्हा सोयाबीनवर असतात. पावसात भिजलेलं सोयाबीन काळं पडतं आणि त्याचा तोटा त्याच आठवड्यात बाजार समितीत कळतो. गवताचा कस गेल्याचा तोटा फेब्रुवारीत दुधाच्या किटलीत कळतो, तोही कोणी शोधला तर.

माळाकडे वळू. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेची स्थापना १९६२ ची. तिथल्या दाबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ मध्ये त्यांचे पाच मोठे गट पाडले. दख्खनचं पठार ज्या गटात येतं त्याला सेहिमा-डायकँथियम गट म्हणतात. सेहिमा म्हणजे पवना-शेडा या नावांनी ओळखली जाणारी गवतं, डायकँथियम म्हणजे मारवेल. या पाहणीतली कामाची गोष्ट अशी की माळ एकदम उजाड होत नाही, तो पायऱ्या उतरतो. अति चराईने आधी पवना आणि मारवेल मागे हटतात, कारण गुरं तीच आधी शोधून खातात. त्यांची जागा कुसळी घेते. ती रेटली गेली की ॲरिस्टिडासारखी हंगामी, केसाळ, निःसत्त्व गवतं येतात. शेवटी मुरूम आणि तरवड उरतो. त्यामुळे माळावर फिरताना कोणतं गवत जास्त दिसतं एवढं पाहिलं, तरी त्या गावाने गेल्या वीस-तीस वर्षांत माळाला कसं वागवलं ते कळतं.

गवत मुळात खाल्लं जाण्यासाठीच घडलेलं आहे. झाडाचा शेंडा खुडला तर वाढ खुंटते. गवताचा वाढीचा कोंब बुडाशी, जमिनीलगत लपलेला असतो. वरची पानं गेली तरी खालून नवी येतात. पण याला मर्यादा आहे, आणि ती जमिनीखाली आहे. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या एफ. जे. क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या गवतांचा पाला कमी-अधिक छाटून मुळांचं काय होतं ते पाहिलं. चाळीस टक्क्यांपर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ थांबली नाही. निम्मा काढला तरी जेमतेम दोन-चार टक्के मुळं थबकली. सत्तर टक्के काढला तेव्हा तीन चतुर्थांशाहून अधिक मुळं थांबली, ऐंशी टक्क्यांना सगळीच. ती बारा दिवस थांबून राहिली. पावसाने ताण दिलेल्या मुरमाड माळावर बारा दिवस मूळ खाली न जाणं म्हणजे ओल हातची जाणं. म्हणून कापताना चार-पाच बोटं बुडखा ठेवायचा. जमिनीला विळा घासून ‘स्वच्छ’ कापणारा गडी पुढच्या वर्षीचं गवत कापत असतो.

फ्रान्समधले आंद्रे व्हॉइझँ हे स्वतः गुरं पाळणारे संशोधक. गवताच्या उत्पादकतेवरचं त्यांचं पुस्तक १९५७ मध्ये आलं. त्यांनी भर दिला तो जनावरांच्या संख्येवर नाही, वेळेवर. शंभर गुरं एक दिवस चरून पुढे गेली तर गवत सावरतं. दहा गुरं रोज त्याच जागी राहिली तर नव्याने फुटलेलं पान पुन्हा पुन्हा खुडलं जातं आणि बुडखा रिता होतो. धनगरांना हे फ्रेंच पुस्तक वाचायची गरज नव्हती. त्यांचे कळप पिढ्यान् पिढ्या पाऊसमान पाहून फिरत आले. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगर आणि त्यांचे देव यांच्यावर आयुष्य घालवलं. खंडोबाची पाळंमुळं त्यांना याच फिरत्या पशुपालकांच्या जगात सापडली. अणदूरचा खंडोबा वर्षातला बहुतेक काळ अणदूरला आणि हिवाळ्यात जवळपास दोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्काम करतो. यात चराईचा नियम शोधणं ही ओढाताण होईल, पण एका जागी ठाण न मांडणारा देव या मुलखाला शोभतो खरा.

फिरायला जागा होती तोवर हे चाललं. आता माळ तुकड्यातुकड्यांत उरला आहे. जिथे गावाचं गायरान शिल्लक आहे तिथे ते चार भागांत वाटून पाळीपाळीने राखायचं, असं शास्त्र सांगतं. दर वर्षी एक भाग बी पडेपर्यंत बंद ठेवायचा, एक फुलोऱ्यात कापायचा, उरलेल्यांत आलटून पालटून चराई करायची. चौथ्या वर्षी प्रत्येक भागाला बी टाकायची संधी मिळालेली असते.

माळ राखणं राज्यात कोणी करून दाखवलं असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाल्यावर गावाने जे नियम केले त्यांत कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी होती. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. जोडीला पाणलोटाची कामं झाली. प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार २००० साली गावाला १०० टन गवत मिळालं होतं, २००४ मध्ये ६,००० टन. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिवसाला दीडशे लिटर असलेलं दूध पुढे चार हजार लिटरवर गेलं. चार वर्षांत साठपट गवत हे एखाद्या नव्या वाणाने झालं नाही. बुडखे जमिनीत होतेच, त्यांना वाढू दिलं गेलं.

तरीही हा नमुना उचलून जसाच्या तसा कुठेही लावता येत नाही. चराईबंदीचा पहिला फटका ज्यांच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत त्यांना बसतो. उस्मानाबादी शेळी धाराशिव जिल्ह्याचं जुनं नाव घेऊन देशभर गेली. काळी, काटक, बहुधा जुळी पिल्लं देणारी. ती पाळणाऱ्यांत भूमिहीन कुटुंबं आणि स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. शेळी मुळात गवतापेक्षा झाडपाला पसंत करते. बोर, बाभूळ, हिवर ही तिची आवड. गवत संपवल्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटतं ते काहीसं अन्यायाचंच. शिवाय मराठवाड्यातल्या गायरानांचा इतिहास केवळ चाऱ्याचा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून गायरान हा दलित कुटुंबांच्या हक्काच्या जमिनीचा प्रश्न आहे. ज्यांनी ती कसली त्यांना ‘अतिक्रमणं’ म्हणून उठवून कुरण करणं हे गवतशास्त्राच्या नावावर खपवता येणार नाही.

गवतावरून माणसांत संघर्ष झाल्याचं महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं वाळलं गवत ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातून जाई आणि ते कापत वारली मजूर, जवळजवळ वेठीवर. १९४५ मध्ये त्यांनी ५०० पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये मजुरी मागितली आणि काम थांबवलं. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचा हा लढा. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि माणसं मारली गेली. संपाला धार आली ती हंगामामुळे. गवत उभं होतं आणि दिवस सरत होते.

माळ म्हणजे पडीक जमीन, कधीकाळच्या जंगलाचे अवशेष, अशी समजूत सरकारी नकाशांतही आहे आणि वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांतही. ती तपासून पाहणारं एक देखणं काम आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी जुनं मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा चाळून त्यांत येणाऱ्या रानवनस्पतींची नोंद केली. एकूण ४४ वनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश मोकळ्या, गवताळ प्रदेशांतल्या निघाल्या. सर्वांत जुने संदर्भ तेराव्या शतकापर्यंत जातात. पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा भाग निदान साडेसातशे वर्षं तरी असाच गवताळ आहे, असा त्याचा अर्थ. अशा माळावर गिरिपुष्प किंवा निलगिरी ओळीत लावली की सावलीने पवना-मारवेल जातात. अणदूरहून फार लांब नसलेल्या सोलापूरच्या नान्नजला याचा उलटा धडाही मिळाला होता. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात गवतासाठी राखलेल्या तुकड्यांमध्ये माळढोक येऊन अंडी घालू लागला आणि १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. गवत गुरांसाठी राखलं, पाहुणा भलताच आला.

ज्यांच्याजवळ माळ नाही त्यांच्यासाठी बांध आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवडलेला फुले मारवेल-०६-४० ठोंबांनी लावता येतो. तो बहुवर्षायु आहे, ताण सोसतो आणि बांधावर माती धरून ठेवतो. पाण्याची सोय असलेले फुले जयवंतसारख्या संकरित नेपिअरकडे वळतात. उंच, भरघोस, पण पाण्याने भरलेला हा चारा असल्याने जाड ताटं वाळवणं अवघड. वाळवायचं तर मारवेल आणि अंजनच बरं, त्यांची काडी बारीक असते. प्रथिनांसाठी जोडीला दशरथ घास. तो वाळवताना पानं झडतात, म्हणून सकाळच्या ओलसर वेळीच हलवावा लागतो.

आणि उशीर झालाच, गवत पिवळं पडलंच, तर? शंभर किलो वाळल्या चाऱ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा आणि प्लास्टिकखाली एकवीस दिवस हवाबंद ठेवायचा. युरियापासून तयार होणारा अमोनिया लिग्निनची पकड सैल करतो आणि सूक्ष्मजीवांना नत्र पुरवतो. प्रमाण चुकलं तर हेच विष ठरतं, त्यामुळे हे काम पहिल्यांदा तरी पशुवैद्यकाच्या किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावं. लहान वासरांना हा चारा देत नाहीत. दुष्काळात चारा छावणीपेक्षा हा उपाय स्वस्त पडतो. मे २०१९ मध्ये सरकार छावणीत मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये देत होतं, आणि गव्हाणीत पडत होता तो बहुतांशी ऊस, ज्यात साखर भरपूर आणि प्रथिनं नावाला.

सप्टेंबरच्या पावसाला बगल द्यायचा दुसरा मार्ग मुरघासाचा. वाळवायचंच नाही. फुलोऱ्यातलं गवत कापून दिवसभर सुकवायचं, पाणी ६५-७० टक्क्यांवर आलं की कुट्टी करून पिशवीत दाबून भरायचं आणि हवा कोंडायची. आतले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आम्लता वाढली की सडणं थांबतं. दीड महिन्यात वैरण तयार. माळाच्या गवतात साखर मक्याइतकी नसते, म्हणून टनामागे दहा-वीस किलो मळी पाण्यात कालवून शिंपडावी लागते. मक्याच्या मुरघासाच्या पिशव्या आता मराठवाड्यातल्या गोठ्यांत सर्रास दिसतात. कुट्टी यंत्र तेच, पिशवी तीच, दाबून भरण्याची सवयही अंगवळणी पडलेली. गवताला फक्त सोयाबीनच्या काढणीआधीचे तीन-चार दिवस आणि चार माणसं लागतील.